किडा काढायचा नाही

ऑक्टोबर 1915. फ्रांझ काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' ही दीर्घकथा लाइपझिगच्या कुर्ट वोल्फ प्रकाशनाकडून पुस्तकरूपात यायची होती. मुखपृष्ठाचं काम ओटोमार श्टार्के या चित्रकाराकडे गेल्याचं काफ्काला कळलं आणि त्याच्या पोटात गोळा आला. सकाळी जाग येते तर अंथरुणात माणसाच्या जागी किडा, अशी ती कथा. चित्रकार किडाच काढायला बसणार हे उघड होतं. काफ्कानं तातडीनं प्रकाशकाला पत्र धाडलं: एवढं एक करू नका. किडा जवळून दाखवू नका आणि लांबूनही दाखवू नका. त्याऐवजी काय काढता येईल तेही त्यानं सुचवलं. बंद दारापुढे उभे असलेले आई-वडील आणि हेडक्लार्क चालतील. त्याहून बरं म्हणजे दिव्याच्या उजेडातले आई-वडील आणि बहीण, आणि शेजारच्या काळोख्या खोलीचं दार उघडं. श्टार्केनं अखेर जे काढलं ते असं: ड्रेसिंग गाऊन घातलेला एक माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून दारापासून दूर निघाला आहे, आणि मागच्या उघड्या दारात नुसता काळोख आहे.

काफ्काची ही विनंती कथेच्या पहिल्या प्रकाशकानं मानली. नंतरच्या प्रकाशकांना तिची फारशी चाड राहिली नाही. आज या पुस्तकाच्या आवृत्त्या चाळल्या तर झुरळं, भुंगे, मिशा आणि केसाळ तंगड्या हव्या तेवढ्या सापडतात. त्यातली काही चित्रं उत्तम आहेत. पण ती कथेला हानी करतात, कारण आपण नेमके काय झालो आहोत हे कथानायक ग्रेगोरलाही धड कळत नाही आणि काफ्का वाचकालाही कळू देत नाही. घरच्यांची नजर हळूहळू बदलत जाते, हा त्या कथेचा विषय आहे. श्टार्केचं दार ते सांगतं. झुरळ सांगत नाही.

या लेखात साधारण 1890 ते 1975 या काळातल्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं घेतली आहेत. बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली, आणि शेवटी थोडी आपल्याकडची. सगळ्यांना प्रश्न एकच विचारायचा आहे: कादंबरी ज्याविषयी आहे ते तिच्या तोंडावर उमटतं का, आणि उमटतं तेव्हा कशामुळे? माझं मत आधीच सांगून ठेवतो. कादंबरीतली सर्वांत चमचमीत गोष्ट ज्यानं मुखपृष्ठाबाहेर ठेवली, त्याच्या हातून बहुधा चांगलं मुखपृष्ठ झालं आहे. या नियमाला अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत.

मुळात मुखपृष्ठावर काही म्हणायचं असतं ही कल्पनाच तशी उशिराची. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांची सगळी शोभा कापडी बांधणीवर असे: सोनेरी ठसे, वेलबुट्टी, कण्यावर नाव. त्यावर जे कागदी वेष्टन यायचं ते दुकानातून घरी नेईपर्यंत कापड मळू नये एवढ्यासाठी. घरी आल्यावर ते टाकून द्यायचं. 1876 साली 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' निघताना लुइस कॅरोलनं प्रकाशकाला एक व्यवहारी सूचना केली की वेष्टनाच्या कण्यावरही पुस्तकाचं नाव छापावं, म्हणजे दुकानदाराला वेष्टन काढावं लागणार नाही आणि प्रत विकली जाईपर्यंत स्वच्छ राहील. अॅलिसच्या जनकाला वेष्टनाकडून एवढीच अपेक्षा होती.

चित्रं होती ती दुसरीकडे, रेल्वे स्टेशनांवर. 1850नंतर इंग्लंडात स्टेशनावरच्या स्टॉलसाठी स्वस्त कादंबऱ्या निघू लागल्या. पुठ्ठ्यावर पिवळा गुळगुळीत कागद आणि त्यावर दोन-तीन रंगांत कथेतला सर्वांत खळबळजनक प्रसंग: कड्यावरून पडणारी बाई, खिडकीतून शिरणारा चोर. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना गिऱ्हाइकाची नजर पकडायची असेल तर दुसरं काय करणार? म्हणजे सुरुवातीपासूनच दोन घराणी झाली. कापडवाले काही सांगत नसत आणि पिवळेवाले सगळंच सांगून टाकत.

ही दोन्ही घराणी एकाच कादंबरीच्या बाबतीत पाहायची तर 'ड्रॅक्युला' घ्यावी. 1897ची पहिली आवृत्ती पिवळ्या कापडाची, त्यावर रक्तासारखी लाल अक्षरं, बाकी काही नाही. 1901 साली त्याच कॉन्स्टेबल प्रकाशनानं स्वस्त, संक्षिप्त, कागदी आवृत्ती काढली. तिच्यावर काउंट आपल्या किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून पालीसारखा उतरतो आहे. माझ्या नियमाला हा पहिला मोठा अपवाद. इथे सगळं दाखवलं आहे आणि तरी चित्र अस्सल आहे, कारण कादंबरीतही भीती सुरू होते ती काउंटचा पाहुणा हार्कर खिडकीतून हे दृश्य पाहतो तेव्हाच. शिवाय चित्रकारानं पुस्तक वाचलं होतं असं दिसतं. त्याचा काउंट म्हातारा, पांढऱ्या मिशांचा आहे, लेखक स्टोकरनं लिहिला तसा. पुढे 1931च्या चित्रपटातला तुळतुळीत बेला लुगोसी लोकांच्या डोक्यात बसला आणि मिशा कायमच्या गेल्या.

1922 हे वर्ष इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात दोन कारणांनी सांगतात. मुखपृष्ठाच्या इतिहासातही त्याच दोन पुस्तकांमुळे सांगावं. 2 फेब्रुवारीला, जेम्स जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीचनं 'युलिसिस' प्रसिद्ध केली. निळं कागदी आवरण, पांढरी अक्षरं, चित्र अजिबात नाही. पण हा निळा कुठलाही निळा नव्हता. जॉइसला ग्रीसच्या झेंड्याचा निळा हवा होता, कारण डब्लिनमधल्या एका दिवसाच्या या कथेखाली होमरचं महाकाव्य आहे. दिझाँचा मुद्रक दारांतिएर या रंगासाठी हैराण झाला. रंग मिळाला तेव्हा कागद मिळेना. शेवटी पांढऱ्या जाड कागदावर लिथोनं तो रंग छापून घेतला. वाचकाला कथेतला एकही प्रसंग, एकही माणूस दिसत नाही, आणि ज्याला कळायचं त्याला पहिल्या पानाआधीच किल्ली मिळते. केवळ रंगानं कादंबरीचा सांगाडा सांगणारं असं दुसरं आवरण मला माहीत नाही.

दुसरं पुस्तक व्हर्जिनिया वुल्फची 'जेकब्ज रूम'. वुल्फ दांपत्याच्याच होगार्थ प्रेसनं ते काढलं आणि जॅकेट केलं व्हर्जिनियाच्या थोरल्या बहिणीनं, व्हॅनेसा बेलनं. बाजूला सारलेले पडदे, टेबल, फुलं. लाल मातीसारखा तांबूस रंग आणि काळा. पुस्तकविक्रेत्यांनी या जॅकेटला नाकं मुरडली, हसले. लेनर्ड वुल्फनं पुढे आठवण लिहून ठेवली आहे की त्यांची तक्रार साधी होती: यात ना देखणी बाई आहे, ना जेकब, ना त्याची खोली. विक्रेत्यांच्या बाजूनं विचार केला तर तक्रार रास्त होती. पण कादंबरी तरी काय आहे? जेकब नावाचा तरुण इतरांच्या बोलण्यातून, आठवणीतून, पाठमोरा असा दिसत राहतो, हाती कधी लागत नाही. महायुद्धात तो जातो आणि शेवटी राहते ती रिकामी खोली. पडदे उघडले आहेत आणि मधे कोणी नाही, हे चित्र त्या कादंबरीचं अचूक चित्र आहे. व्हॅनेसानं पुस्तकं नीट न वाचताच जॅकेटं केली असं तिच्याविषयी म्हटलं जातं. खरं असेल तर त्यातूनही शिकण्यासारखं आहे, कारण जिला बहिणीच्या मनाचा पोत लहानपणापासून ठाऊक, तिला कथानकाची गरज किती?

यानंतर 'द ग्रेट गॅट्सबी'. या विषयावर लिहिताना तिला टाळता येत नाही आणि टाळूही नये.

निळं-काळं आकाश. त्यात चेहरा नसलेले दोन डोळे आणि लाल ओठ. नाक नाही. एका डोळ्यातून हिरवट अश्रू ओघळतो आहे. खाली जत्रेतल्यासारखे झगमगते दिवे. बारकाईनं पाहिलं तर डोळ्यांच्या बुबुळांत विवस्त्र स्त्रियांच्या आकृती पहुडलेल्या दिसतात. हे चित्र फ्रान्सिस कुगाटचं. जन्मानं स्पॅनिश, पुढे प्रसिद्ध झालेला बँडवाला झेवियर कुगाट याचा भाऊ. कादंबरी स्क्रिब्नर प्रकाशनानं 10 एप्रिल 1925 रोजी प्रसिद्ध केली, पण चित्राचा जन्म आधीचा. 1924च्या उन्हाळ्यात स्कॉट फिट्झजेरल्ड फ्रान्समध्ये बसून कादंबरी लिहीत होता आणि संपादक मॅक्सवेल पर्किन्सला त्यानं पत्रातून बजावलं की ते जॅकेट माझ्यासाठी राखून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी ते पुस्तकात लिहून टाकलं आहे.

मी ते पुस्तकात लिहून टाकलं आहे! मुखपृष्ठानं कादंबरीचं प्रतिबिंब दाखवायचं असतं असं आपण धरून चालतो. इथे कादंबरीनंच मुखपृष्ठाचं प्रतिबिंब पकडलं. फिट्झजेरल्डनं नेमकं काय लिहून टाकलं यावर अभ्यासक अजून भांडतात. एक पक्ष म्हणतो, राखेच्या माळावरच्या जाहिरातफलकावरचे डॉक्टर एकलबर्गचे डोळे. पिवळा चष्मा घातलेले, चेहरा आणि नाक नसलेले, सगळ्यांच्या पापांकडे बघत राहणारे. दुसरा पक्ष म्हणतो, कादंबरीत एके ठिकाणी शहराच्या काळोखावर आणि लखलखत्या पाट्यांवर एका बाईचा तरंगता चेहरा आहे, तो. शिवाय फिट्झजेरल्डनं तेव्हा अंतिम चित्र पाहिलं होतं की आधीची एखादी रूपरेषा, हाही प्रश्न आहेच, कारण कुगाटची कच्ची रेखाटनं वेगळी आहेत.

माझ्या दृष्टीनं हा वाद न सुटण्यातच चित्राचं यश आहे. हे डोळे गॅट्सबीच्या प्रेयसीचे, डेझीचे म्हणावेत तर ते फलकासारखे निर्जीव आहेत, आणि फलकाचे म्हणावेत तर त्यांतून अश्रू येतो आहे. प्रेयसी आणि जाहिरात यांत फरक करता न येणं, हाच तर गॅट्सबीचा रोग. ज्याच्यासाठी तो झुरतो ती बाई आहे की विकायला ठेवलेलं स्वप्न, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. कुगाटनं कथेतला एकही प्रसंग काढला नाही, एकही पात्र ओळखू येईल असं काढलं नाही, तरी हा गोंधळ जसाच्या तसा आकाशात टांगला.

सगळ्यांना ते आवडलं असं मात्र नाही. हेमिंग्वेनं आपल्या पॅरिसच्या आठवणींत या जॅकेटची टर उडवली आहे. हलक्या विज्ञानकथेचं असावं तसं त्याला ते वाटलं, आणि पुस्तक वाचायला घेताना त्यानं जॅकेट काढून ठेवलं. पुस्तकही तेव्हा फार चाललं नाही. पहिली छपाई 20,870 प्रतींची, दुसरी 3,000ची, आणि 1940 साली लेखक वारला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रती गोदामात पडून होत्या. जॅकेटच्या मागच्या बाजूच्या मजकुरात नायकाच्या नावातलं पहिलं अक्षर चुकून लहान पडलं होतं. ते पुष्कळ प्रतींवर शाईनं हातानं दुरुस्त केलेलं सापडतं. आज पहिल्या आवृत्तीची नुसती प्रत काही हजार डॉलरांना मिळते आणि हे जॅकेट अंगावर असलेली लाखाच्या पुढे जाते. हेमिंग्वेनं काढून ठेवलेला कागद पुस्तकाच्या कितीतरी पट महाग झाला.

'गॅट्सबी'नंतर दहा वर्षांनी लंडनमध्ये प्रकाशक अॅलन लेननं चित्रालाच रजा दिली. 1935च्या जुलैअखेर पेंग्विनची पहिली दहा पुस्तकं आली, किंमत सहा पेन्स. तीन आडवे पट्टे, मधला पांढरा, त्यात नाव. कादंबरी असेल तर नारिंगी, गुन्हेकथा हिरवी, चरित्र गडद निळं. एडवर्ड यंग या एकवीस वर्षांच्या कारकुनाला प्राणिसंग्रहालयात धाडून पेंग्विन पक्षी काढून आणला, एवढंच काय ते चित्र. 1947पासून अक्षररचनाकार यान शिखोल्डनं अक्षरांची अंतरं, रेषांची जाडी, पक्ष्याची मान इथपर्यंत सगळं घासूनपुसून लख्ख केलं. देखणेपणाच्या दृष्टीनं ही मुखपृष्ठं निर्दोष आहेत. आपल्या प्रश्नाला मात्र ती उत्तरच देत नाहीत. 'अ फेअरवेल टू आर्म्स' आणि एखादी हलकीफुलकी विनोदी कादंबरी एकाच नारिंगी गणवेशात उभी. गणवेशाचा फायदा असा की वाचक फसवला जात नाही.

फसवणूक म्हणजे काय ते पाहायचं तर अटलांटिक ओलांडावा लागतो. पेंग्विनची अमेरिकी शाखा चालवणाऱ्यांना चित्राशिवाय औषधाच्या दुकानांत आणि बसथांब्यांवर पुस्तक खपणार नाही हे दिसत होतं. लेनला चित्रं नको होती. या आणि इतर कुरबुरींतून 1948 साली ती मंडळी फुटून निघाली आणि न्यू अमेरिकन लायब्ररी उभी राहिली. तिची सिग्नेट ही माला. पुढची काही वर्षं म्हणजे अमेरिकी पेपरबॅकचा तो भडक काळ: फाटलेले ब्लाऊज, सिगारेटी, अर्धवट उघडं दार. फॉकनरपासून फुटकळ लेखकांपर्यंत सगळ्यांना एकच माप. 1952मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहानं अश्लील वाङ्मयाच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिच्या टेबलावर ही पेपरबॅकंही गेली.

या काळातला माझा आवडता नमुना, आवडता म्हणजे हसू येतं म्हणून, ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'ची सिग्नेटची 1950ची आवृत्ती. आधीच्या वर्षी लंडनमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीचं जॅकेट नुसत्या अक्षरांचं होतं. सिग्नेटच्या मुखपृष्ठावर विन्स्टन स्मिथ बिनबाह्यांचा, पिळदार दंडांचा. ज्युलियाचा गणवेश अंगाला चिकटलेला, आणि त्यावर लैंगिकताविरोधी संघाचा बिल्ला. ऑर्वेलचा विन्स्टन एकोणचाळीस वर्षांचा, खंगलेला, घोट्यावर जखम घेऊन जिने चढताना धापा टाकणारा माणूस आहे. ऑर्वेल जानेवारी 1950मध्येच गेला, त्याला हे बघावं लागलं नाही. तरीही मी या चित्राला पूर्ण फेकून देणार नाही. त्या राज्यात शरीराची ओढ हाच बंडाचा मार्ग उरतो, ही कादंबरीतली गोष्ट खरीच आहे. चित्रकारानं धागा बरोबर पकडला आणि मग इतका ओढला की कापडच फाटलं.

सॅलिंजरचं प्रकरण याहून शिकवणारं. 'द कॅचर इन द राय' 1951मध्ये निघाली तेव्हाचं जॅकेट त्याच्या ओळखीच्या मायकेल मिचेल या चित्रकारानं केलं. खाली शहराची काळीपांढरी रेघ आणि वर पानभर लाल, खवळलेला घोडा. हा जत्रेतल्या फिरत्या चक्राचा घोडा आहे. त्याच्या अंगातून दांडा गेलेला दिसतो. कादंबरीच्या शेवटी नायक होल्डन पावसात भिजत धाकट्या बहिणीला त्या चक्रावर बसलेली बघत राहतो. बालपण गोल गोल फिरत राहावं, कुणी खाली पडू नये, ही त्याची वेडी इच्छा. मिचेलनं ते गोड चक्र घेतलं आणि त्यातल्या घोड्याला होल्डनचा संताप दिला. दोन्ही गोष्टी एका रेषेत. 1953च्या सिग्नेट आवृत्तीवर जेम्स अवाटी या कसबी चित्रकारानं लाल टोपी उलटी घातलेला, बॅग घेतलेला होल्डनच रंगवला. चित्र वाईट नाही, पण सॅलिंजरला ते खपलं नाही. आपला होल्डन कसा दिसतो हे दुसऱ्यानं ठरवावं हेच त्याला नको होतं. पुढे पेपरबॅकचे हक्क बँटमकडे गेले आणि तपकिरी-लाल आवरणावर पिवळसर अक्षरं एवढंच उरलं. चित्र नको, स्वतःचा फोटो नको, पाठराखण नको, असा त्याचा हट्ट पुढे प्रकाशकांनी निमूट पाळला.

सॅलिंजरची ही हटवादी वाट बरोबर होती का? एका पुस्तकापुरती हो. सगळ्यांनी तसं केलं असतं तर आपल्याकडे कुगाटही नसता.

लेखकाचं ऐकलं नाही तर किती नुकसान होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण 'लोलिता' आहे. 1955 साली पॅरिसच्या ऑलिम्पिया प्रेसनं ती दोन हिरव्या भागांत काढली. चित्र नव्हतं, पण तो हिरवा रंग या प्रकाशनाच्या चावट पुस्तकांचा ठरलेला रंग होता, त्यामुळे पुस्तकाची जात आधीच ठरून गेली. 1958मध्ये अमेरिकेत पटनमची आवृत्ती यायची ठरली तेव्हा लेखक नाबोकोव्हनं प्रकाशकाला लिहिलं की शुद्ध रंग हवेत, विरघळणारे ढग हवेत, पावसानंतरचा लांब जाणारा रस्ता आणि चाकोऱ्यांत साठलेल्या पाण्यावरचा उजेड हवा, आणि मुलगी मुळीच नको. पटनमनं अखेर नुसत्या अक्षरांवर भागवलं. ते ठीकच झालं.

मग 1962 साली कुब्रिकचा चित्रपट आला. प्रसिद्धीसाठी बर्ट स्टर्ननं काढलेल्या फोटोत मुलीच्या डोळ्यांवर बदामाच्या आकाराचा लाल चष्मा, तोंडात लॉलीपॉप. तो चष्मा कादंबरीत नाही आणि गंमत म्हणजे चित्रपटातही नाही. तरी तेव्हापासून देशोदेशीच्या आवृत्त्यांवर तो चष्मा, ते ओठ, ते गुडघे येत राहिले. हे निव्वळ अभिरुचीचं प्रकरण नाही. ही सगळी कथा हंबर्ट सांगतो. वाचकाला ती मुलगी कधीच सरळ दिसत नाही, दिसते ती एका गुन्हेगाराच्या सजवलेल्या भाषेतून. ती भाषा फोडून पलीकडचं रडणारं पोर बघणं हे वाचकाचं काम. मुखपृष्ठावर मोहक मुलगी टाकली की प्रकाशक हंबर्टच्या बाजूचा साक्षीदार होतो आणि वाचकानं पुस्तक उघडण्याआधीच खटल्याचा निकाल लागतो. नाबोकोव्हच्या ओल्या रस्त्यात कथेतली ती सगळी पळापळ होती, मोटेलामागून मोटेल, आणि मुलगी नजरेआड होती. त्याला जे कळलं होतं ते निदान पन्नास वर्षं प्रकाशन व्यवसायाला कळलं नाही.

साठच्या दशकात मात्र नियम मोडणारे हुशार लोकही आले. 1962ला लेन डायटनची 'द इपक्रेस फाइल' निघाली, तिचं जॅकेट रेमंड हॉकीचं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळापांढरा फोटो: पिस्तूल, गोळ्या, कागदाच्या टाचण्या, आणि टवका उडालेला चहाचा कप, त्यात विझवलेली सिगारेट. तोपर्यंत गुप्तहेर म्हणजे जेम्स बाँड, आणि बाँडच्या जॅकेटांवर रिचर्ड चॉपिंगनं रंगवलेली पिस्तुलं आणि गुलाब. हॉकीनं एका कपानं सांगितलं की हा हेर सरकारी नोकर आहे, याचं बिल अजून मंजूर व्हायचं आहे. डायटनच्या कादंबरीचा सगळा सूर त्या टवक्यात आहे.

पॉल बेकननं 1969ला फिलिप रॉथच्या 'पोर्टनॉय्ज कम्प्लेंट'ला पिवळा रंग आणि अक्षरं एवढंच दिलं. ती कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना कारण सांगायला नको. आणि 1972चं डेव्हिड पेलहॅमचं 'अ क्लॉकवर्क ऑरेंज': बोलर टोपी, चेहऱ्याच्या जागी सपाट रंग, एका डोळ्याच्या ठिकाणी दातेरी चक्र. ज्याला काम दिलं होतं त्याचं चित्र उशिरा आलं आणि वाईट आलं, म्हणून पेलहॅमनं एका रात्रीत स्वतः काढलं. त्याला त्यातल्या चुका नंतर सलत राहिल्या. पण माणसाला चांगुलपणाची चावी दिली तर तो माणूस उरतो का, हा लेखक बर्जेसचा प्रश्न एका चाकात मावला. इथे नाक नाही, तोंड नाही, आणि खून-मारामाऱ्यांनी भरलेल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर रक्ताचा थेंबही नाही.

आता आपल्या देशात. कोलकात्याला दिलीपकुमार गुप्तांनी 1943 साली सिग्नेट प्रेस काढली (अमेरिकी सिग्नेटशी तिचा संबंध नाही) आणि जाहिरात कंपनीतल्या एका तरुण चित्रकाराला मुखपृष्ठांचं काम दिलं. त्याचं नाव सत्यजित राय. कॉर्बेटच्या कुमाऊँच्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकाला रायांनी वाघाचं कातडं दिलं, पुढच्या बाजूला गोळी शिरल्याचं भोक आणि मलपृष्ठावर ती बाहेर पडल्याचं मोठं भोक. ही कादंबरी नव्हे, पण पुस्तक ही दोन बाजू असलेली वस्तू आहे हे इतक्या नेमकेपणानं फार थोड्यांनी वापरलं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'ची मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती. तिची चित्रं काढताना राय त्या कादंबरीत शिरले ते 1955च्या चित्रपटातूनच बाहेर आले. त्या रेखाटनांतली दृश्यं पुढे पडद्यावर दिसली. मुखपृष्ठकार हा पुस्तकाचा पहिला गंभीर वाचक असू शकतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता मागायचा?

मराठीत या कलेचा चेहरा घडवला तो मुख्यतः दोन गोमंतकीयांनी. दीनानाथ दलाल मडगावचे, जन्म 1916, आणि रघुवीर मुळगावकर त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. 1945पासून 'दीपावली' हा अंक काढणाऱ्या दलालांनी पुस्तकांची मुखपृष्ठं किती केली याला गणती नाही. फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या पिढीनं आपल्या नायिका दलालांच्याच रेषेत पाहिल्या. मुळगावकरांनी अर्नाळकरांच्या रहस्यकथांना ती टोपी, ते पिस्तूल, ती दचकलेली बाई दिली. एक स्पष्ट बोलायला हवं. या काळातली बरीच मुखपृष्ठं त्या त्या कादंबरीपेक्षा तिच्या वाचकाविषयी जास्त सांगतात. नायिकेचा डौल, अंबाड्यातलं फूल, पदराची चुणी: मध्यमवर्गाला आपलं आयुष्य कसं असावंसं वाटत होतं त्याचं ते चित्र. दोन कादंबऱ्यांची मुखपृष्ठं अदलाबदल केली तरी फरक पडला नसता, असंही अनेकदा वाटतं. पण दलालांचा हात तेवढ्यावर थांबणारा नव्हता. विषय बदलला की त्यांची शैली बदलायची. ब्लॉकच्या छपाईत रंग वाढला की खर्च वाढायचा, आवृत्ती हजार-दोन हजारांची, तेव्हा दोन रंगांत आणि सपाट आकारांत भागवण्याची सक्ती होती. या सक्तीतून त्यांनी जी संयमी मुखपृष्ठं केली ती त्यांच्या गुलाबी नायिकांपेक्षा मला सरस वाटतात. पुढे पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर, सुभाष अवचट यांच्या पिढीनं चेहरे कमी केले, आकार आणि अक्षर यांना बोलू दिलं. नवकथा आणि नवी कादंबरी आली होती. तिला अंबाड्यातलं फूल चाललं नसतं.

या सगळ्याचा मराठीत नीट अभ्यास करायचा म्हटला तर अडचण साहित्याचीच आहे. आपल्या ग्रंथालयांत पुस्तक आलं की जॅकेट काढायचं, मुखपृष्ठ सैल झालं की फाडायचं आणि जाड पुठ्ठ्याची बांधणी करून कण्यावर नंबर चिकटवायचा, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. पुस्तक टिकलं, चेहरा गेला. प्रकाशकही नव्या आवृत्तीला नवं मुखपृष्ठ देतात, त्यात गैर काही नाही. पण पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ कोणाचं होतं हे नव्या आवृत्तीच्या श्रेयपानावर बहुधा नसतं. त्या पानावर एक ओळ वाढवायला खर्च येत नाही: पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ अमुक यांचं, साल अमुक. जमलं तर मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्याचा लहान फोटो. ग्रंथालयांनी बांधणीला पाठवण्याआधी मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ स्कॅन करून ठेवावं. आणि तुमच्या घरी 1975च्या आधीच्या मराठी कादंबऱ्या जॅकेटसह असतील तर त्या रद्दीत घालण्याआधी निदान दोन्ही बाजूंचे आणि श्रेयपानाचे फोटो काढून जवळच्या ग्रंथालयाला द्या.